खरिपाचं बियाणं कुठून आणि कसं घ्यावं: टॅग, बिल आणि शंभर दाणे

रोहिणी निघाल्या की कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर एकच प्रश्न ऐकू येतो: "औंदा कोणतं चांगलंय?" दुकानदार पटकन एक नाव सांगतो आणि बॅग गाडीवर चढते. त्या नावामागे कधी मागच्या हंगामाचा खरा अनुभव असतो, कधी कंपनीची स्कीम असते, तर कधी गोदामात अडकलेला माल. दुकानदार मंडळी वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. वेळेला उधारी देऊन निम्म्या गावाची पेरणी तीच पार पाडतात. पण माणूस भला आहे म्हणून बॅगेतला दाणा उगवतो असं नाही. बॅग त्यानेही आतून पाहिलेली नसते. म्हणून विश्वासू विक्रेता मी त्यालाच म्हणतो, जो टॅग वाचू देतो, पक्कं बिल देतो आणि तक्रार आली तर फोन उचलतो. बाकीचं आपल्यालाच तपासून घ्यावं लागतं.

लेखात सोयाबीन जास्त येईल, कारण ते सर्वात नाजूक. कापूस आणि कांद्याच्या फसवणुकीचे प्रकार वेगळे आहेत, ते पुढे येतात.

आधी वाण, मग दुकान

दुकानात जाऊन वाण ठरवायचं नाही, ठरवून दुकानात जायचं. जमीन कशी आहे, मागून हरभरा घ्यायचाय का, पाणी आहे का, यावर वाण ठरतो. हलक्या, उथळ रानात उशिरा येणारं सोयाबीन पेरलं आणि पाऊस लवकर उघडला, तर शेंगा भरण्याच्या वेळेलाच पिकाला पाणी कमी पडतं. तिथे जेएस ९३-०५ सारखा लवकर येणारा वाण बरा. भारी जमीन आणि तांबेरा या बुरशीरोगाचा पट्टा असेल तर फुले संगम म्हणजे केडीएस ७२६ चा विचार करावा. मराठवाड्यात परभणीच्या एमएयूएस ७१, एमएयूएस १५८, एमएयूएस ६१२ या वाणांचा लोकांना चांगला परिचय आहे. तुरीचंही तसंच. बदनापूरचा बीडीएन ७११ साधारण पाच महिन्यांत निघतो, बीएसएमआर ७३६ ला महिनाभर जास्त लागतो. हे दुकानदाराला विचारायचे प्रश्न नव्हेत. कृषी विद्यापीठाची कृषी दैनंदिनी, कृषी विज्ञान केंद्र किंवा गावचे सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) यांना एप्रिलमध्येच विचारून घ्या. जूनमध्ये कुणालाच उसंत नसते.

सोयाबीन, तूर, हरभरा, गहू यांचे बाजारात मिळणारे बहुतेक वाण सरळ, म्हणजे सुधारित वाण असतात. सोयाबीनचं प्रमाणित बियाणं एकदा आणलं की त्याच्या उत्पादनातून दोन-तीन वर्षं घरचं बियाणं वापरता येतं. संकरित कापूस, मका, बाजरी यांचं बियाणं मात्र दरवर्षी नवं घ्यावं लागतं. त्यामुळे सोयाबीनच्या सगळ्या रानासाठी दरवर्षी बॅगा आणायची गरजच नसते. एका एकरापुरतं चांगलं बियाणं आणा आणि त्याचंच पुढच्या वर्षीचं बियाणं धरा.

सरकारी आणि निमसरकारी ठिकाणं तीन. पहिलं महाबीज, म्हणजे अकोल्याचं महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ, १९७६ पासूनचं. दुसरं राष्ट्रीय बीज निगम, १९६३ चं. तिसरी राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीची कृषी विद्यापीठं. विद्यापीठाचं बियाणं थेट पैदासकाराच्या, म्हणजे वाण तयार करणाऱ्याच्या दारातून येतं, पण साठा थोडा आणि रांग मोठी. परभणीला १८ मे हा विद्यापीठाचा वर्धापनदिन. त्या दिवशी खरीप मेळाव्यात बियाणं विक्रीला निघतं. सकाळी लवकर पोहोचलेल्याला मिळतं, दुपारी गेलेल्याला भाषण ऐकायला मिळतं.

टॅग वाचायला पाच मिनिटं द्या

रंग लक्षात ठेवा. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा टॅग, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा आणि सत्यप्रतला हिरवं लेबल. पैदासकार आणि पायाभूत हे बीजोत्पादन करणाऱ्यांसाठी. आपल्या हातात येतं ते निळं किंवा हिरवं.

निळ्या टॅगचा अर्थ असा, की बीजोत्पादनाचा प्लॉट बीज प्रमाणीकरण यंत्रणेच्या माणसाने उभ्या पिकात पाहिला, भेसळीची झाडं काढायला लावली आणि नंतर प्रयोगशाळेत नमुना पास झाला. हिरव्या लेबलात ही सगळी हमी उत्पादक स्वतः देतो. खासगी कंपन्यांचे बहुतेक संकरित वाण हिरव्या लेबलवरच विकले जातात, म्हणून हिरवं म्हणजे दुय्यम असं समजू नका. उगवणशक्तीचं किमान बंधन दोघांनाही आहे. पण सोयाबीनसारख्या सरळ वाणात निळा टॅग मिळत असेल तर मी तोच उचलेन. प्रमाणित बॅगेवर निळ्या टॅगसोबत उत्पादकाचं स्वतःचं लेबलही असतं, तेव्हा दोन चिठ्ठ्या दिसल्या तर गोंधळू नका.

आता मजकूर. पीक आणि वाण यांची नावं, लॉट नंबर, उगवणशक्ती, भौतिक शुद्धता, निव्वळ वजन, बीज परीक्षणाची तारीख, वैधता संपण्याची तारीख, लावलेलं औषध आणि उत्पादकाचा पूर्ण पत्ता एवढं हवंच. सर्वात आधी परीक्षणाची तारीख बघा. परीक्षणानंतर नऊ महिने वैधता असते, आणि पुन्हा तपासून पास झालं तर सहा महिन्यांची वाढ मिळते. वाढ मिळालेली बॅग बेकायदा नसते, पण सोयाबीन असेल तर ती दुसऱ्याला घेऊ द्या. तारखेवर नवं स्टिकर चिकटवलं असेल, शाई खोडली असेल किंवा शिलाई दोनदा मारल्याची भोकं दिसत असतील, तर बॅग जागेवर ठेवून निघा.

किमान उगवणशक्ती पिकागणिक वेगळी असते. सोयाबीन ७० टक्के, तूर, मूग, उडीद ७५, कापूस ७५, भात ८०, गहू आणि हरभरा ८५, संकरित मका ९०, कांदा ७०, मिरची ६०. सोयाबीनचा आकडा इतका खाली का? त्याचं टरफल पातळ आणि कोंब टरफलाच्या अगदी खाली. मळणीयंत्राचे फेरे जास्त असले, हमालाने बॅग उंचावरून आपटली किंवा थप्पी दहा-बारा बॅगांची लावली, तर दाणा वरून तुकतुकीत दिसतो आणि आतून मेलेला असतो. म्हणून दुकानात गेल्यावर गोदामाकडे एक नजर टाका. बॅगा सिमेंटच्या ओल्या फरशीवर, भिंतीला चिकटून, खताच्या पोत्यांखाली दबलेल्या दिसल्या, तर टॅगवरचा ७० चा आकडा केव्हाच खाली आलेला असू शकतो. टॅग खोटा नसतो, पण तो परीक्षणाच्या दिवशीचा असतो.

बॅगेचं वजनही वाचा. सगळ्या कंपन्यांच्या बॅगा सारख्या वजनाच्या नसतात. "बॅग दोनशेने स्वस्त" म्हणणाऱ्याची बॅग चार किलोने हलकी निघते. भाव किलोवर काढा.

केंद्र सरकारच्या 'साथी' पोर्टलशी जोडलेल्या बॅगांवर क्यूआर कोड असतो. मोबाइलने स्कॅन केला की लॉटची माहिती दिसते. स्क्रीनवरचा लॉट नंबर आणि टॅगवरचा लॉट नंबर जुळवून बघा. नुसता कोड आहे म्हणून समाधान मानू नका.

दुकान आणि बिल

बियाणे नियंत्रण आदेश १९८३ प्रमाणे विक्रेत्याला परवाना लागतो, तो दुकानात लावावा लागतो आणि साठा व भावाचा फलक रोज लिहावा लागतो. त्याच आदेशात रोखीने घ्या वा उधारीने, पावती देणं बंधनकारक आहे. उधारीवर घेणाऱ्याला सहसा वहीत आकडा लिहून वाटेला लावतात आणि कच्ची चिठ्ठी हातात ठेवतात. त्यावर "बी २ बॅग" एवढंच असतं. पुढे काही झालं तर ती चिठ्ठी कुठेच टिकत नाही.

"पक्कं बिल घेतलं तर जीएसटी लागेल" हे ऐकलं असेलच. पेरणीच्या बियाण्यावर जीएसटी नाही, शून्य आहे. तेव्हा हसून म्हणा, "लावा की, बघू किती लागतो."

बिलावर पीक, वाण, कंपनी, लॉट नंबर, बॅगांची संख्या, वैधतेची तारीख, भाव, तुमचं नाव-गाव, परवाना क्रमांक आणि सही हवी. लॉट नंबर काउंटरवरच टॅगशी जुळवा. पाच बॅगांत दोन लॉट असतील तर दोन्ही लिहून घ्या. घाईत हीच गोष्ट राहते, आणि तक्रारीच्या वेळी कंपनीचा माणूस सर्वात आधी हेच विचारतो.

लिंकिंगचा त्रास सगळ्यांना माहीत आहे. हवं ते बियाणं पाहिजे असेल तर सोबत अमुक टॉनिक, तमुक खत घ्याच. अशी सक्ती करता येत नाही. जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाला किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांना तिथूनच फोन लावलात की बाटली बहुधा परत रॅकवर जाते. किसान कॉल सेंटरचा नंबर १८००-१८०-१५५१. मात्र सक्ती बंद व्हावी असं वाटत असेल तर आपणही एकाच वाणाचा हट्ट सोडायला हवा. ज्याची पळवापळवी असते, त्याचंच लिंकिंग होतं, तेच ब्लॅकने जातं आणि त्याचंच बोगस पाकीट छापलं जातं. नकली माल कुणी न खपणाऱ्या वाणाचा काढत नाही.

कापूस: चोरबीटीपासून लांब

देशात बीटी, म्हणजे बोंडअळीला तोंड देणारा गुण घातलेल्या कापसाला २००२ मध्ये आणि त्याच्याच पुढच्या बीजी-२ ला २००६ मध्ये मान्यता मिळाली. तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटीला ती मिळालेली नाही. तरी मे महिन्यात खेड्यापाड्यांत त्याची पाकिटं फिरतात, तेच चोरबीटी. बिल नाही, कंपनीचा पत्ता नाही, लॉट नंबर नाही किंवा सगळ्या पाकिटांवर एकच. विकणारा बहुधा दुकानदार नसतो. मोटारसायकलवर येणारा ओळखीचा माणूस असतो, आणि ओळख हीच त्याची एकमेव हमी. खुरपणीचा खर्च परवडत नाही म्हणून लोक तिकडे वळतात, हे मलाही कळतं. मजुरीचे दर काय झालेत ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण पाकिटात तो गुण खरोखर आहे की नाही, हे तणनाशक मारेपर्यंत कळत नाही, आणि नसेल तर तणासोबत पीकही जळतं. भरपाई मागायला जाणार कुठे? जी खरेदी कागदावर झालीच नाही, तिची तक्रारही नाही.

बीटी कापसाच्या पाकिटाचा कमाल भाव केंद्र सरकार दरवर्षी जाहीर करतं आणि तो पाकिटावर छापलेला असतो. त्यापेक्षा एक रुपया जास्त द्यायचा नाही. गुलाबी बोंडअळीला लवकर खाद्य मिळू नये म्हणून कृषी विभाग शेतकऱ्यांना कापसाचं बियाणं विकण्याची तारीखही ठरवून देतो. त्याआधीच कुणी "आताच घेऊन ठेवा" म्हणत असेल तर तो नियम मोडतोय, हे समजून घ्या.

कांद्याचं बी

इथली फसवणूक उशिरा उघडी पडते. रोपं छान येतात, लागवड होते, आणि दोन-अडीच महिन्यांनी डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे दिसायला लागतात किंवा काढणीला जोडकांदे निघतात. बऱ्याचदा कारण एकच असतं: खरिपाचं बी रब्बीत गेलेलं असतं. बसवंत ७८०, फुले समर्थ, भीमा सुपर, ॲग्रीफाउंड डार्क रेड हे खरीप आणि रांगड्याचे (उशिराच्या खरिपाचे). एन-२-४-१, भीमा किरण, भीमा शक्ती, ॲग्रीफाउंड लाइट रेड रब्बी-उन्हाळीचे. दाण्यावरून फरक सांगता येत नाही, सगळं काळंच दिसतं.

दुसरी अडचण वयाची. कांद्याच्या बियाची उगवण वर्षभरातच झपाट्याने घसरते. भाव चढले की मागच्या वर्षीचं उरलेलं बी नव्यात मिसळून विकलं जातं. राजगुरुनगरचं कांदा-लसूण संशोधन केंद्र, राहुरी विद्यापीठ आणि नाशिकची एनएचआरडीएफ ही फलोत्पादन संशोधन संस्था, ही खात्रीची ठिकाणं. एकरी तीन-चार किलो बी लागतं, तेव्हा एवढ्यासाठी एक चक्कर मारायला हरकत नाही. ओळखीच्याकडून सुटं घेत असाल, तर डेंगळ्यांचा प्लॉट फुलात असताना जाऊन बघा. शेजारीच दुसऱ्या वाणाचे डेंगळे असतील तर नका घेऊ. मधमाश्यांना बांध कळत नाही.

गावातलं, देशी आणि ऑनलाइन

शेजाऱ्याकडून सोयाबीनचं बियाणं घेणं बेकायदा आहे का, असं बरेच जण विचारतात. नाही. वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा २००१ नुसार शेतकरी आपल्या शेतातलं बियाणं राखू शकतो, पेरू शकतो, अदलाबदल करू शकतो आणि विकूही शकतो. फक्त ते ब्रँडच्या नावाने, लेबल लावून विकता येत नाही. अशा खरेदीत टॅग नसतो, म्हणून प्रश्न विचारावे लागतात. मूळ बियाणं कुठल्या वर्षी आणलं? काढणीच्या वेळी पावसात भिजलं होतं का? मळणीयंत्राचे फेरे किती ठेवले होते? भिजलेल्या सोयाबीनचं बियाणं फुकट मिळालं तरी नको.

देशी वाल, घेवडा, भात, नागली यांच्यासाठी बियाणे बँका आहेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशाच वाणांचं जतन केलं आणि २०२० ची पद्मश्री त्यांना मिळाली. देशी बियाण्याच्या नावाखाली सोशल मीडियावर जे चढ्या भावाने विकलं जातं, ते मात्र तपासून घ्या. बियाणं कुठल्या गावचं, कुणी किती वर्षं जपलं, याचं उत्तर विकणाऱ्याकडे नसेल तर देशी हा शब्द फक्त भाव वाढवायला आहे.

परसबागवाल्यांना ऑनलाइनचा मोह असतो. निळी स्ट्रॉबेरी आणि इंद्रधनुषी गुलाबाचं बी विकणाऱ्यांची तिथे जत्रा भरलेली असते. निळी स्ट्रॉबेरी नसते. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी लावतात तीसुद्धा धुमाऱ्यांपासून केलेल्या रोपांची, आणि गुलाब डोळा भरून किंवा फांदीपासून होतो. फोटो बघून बी घेऊ नका. पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो मागा, लॉट नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. राष्ट्रीय बीज निगमचं बियाणंही आता ऑनलाइन मागवता येतं, भाजीपाल्यासाठी तिथून सुरुवात करावी.

शंभर दाणे

बियाणं कुठूनही आणा, पेरणीआधी ही परीक्षा घ्याच. म्हणूनच खरेदी मे महिन्यात हवी.

एका लॉटची एकच बॅग उघडा, आणि ती खालच्या बाजूने. वरची शिलाई आणि टॅग शाबूत राहिले पाहिजेत. बॅगेच्या वेगवेगळ्या ठिकाणचे मूठ-मूठ दाणे काढून एकत्र करा आणि त्यातले शंभर मोजा. निवडून घ्यायचे नाहीत. बारका, डागी, जो हाताला येईल तो. हात जिथे नेहमी चुकतो ती जागा हीच आहे, आपोआप टपोरे दाणे उचलले जातात.

गोणपाट धुऊन ओला करा आणि पाणी निथळू द्या. दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी थोड्या अंतराने मांडा, वर दुसरा ओला गोणपाट टाका आणि हलक्या हाताने गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. गच्च ओलं ठेवलं तर दाणे कुजतात आणि चांगल्या बियाण्याला नावं ठेवली जातात. पाच-सहा दिवसांनी उघडा, फार तर आठव्या दिवशी. ज्याला मूळ आणि कोंब दोन्ही धड आलेत तेवढेच मोजा. फुगून बसलेले, बुरशी धरलेले, तुटक्या मुळाचे वगळा. जमलं तर अशा तीन गुंडाळ्या करून सरासरी काढा. औषध लावलेलं बियाणं असेल तर हातमोजे घाला आणि उरलेले दाणे कोंबड्यांपुढे टाकू नका.

सत्तर किंवा जास्त आले तर एकरी ३० किलो पुरे. साठ आले तर तीसला सत्तरने गुणून साठने भागा, म्हणजे ३५ किलो. साठच्याही खाली गेलं तर बियाणं वाढवण्यात अर्थ नाही. न उघडलेल्या बॅगा आणि बिल घेऊन दुकानात जा, तोपर्यंत पेरणीला अवकाश असतो. वाद झालाच तर पुणे, परभणी आणि नागपूर इथल्या शासकीय बीज परीक्षण प्रयोगशाळांत फी भरून नमुना तपासून घेता येतो.

पेरल्यावर उगवलं नाही तर

टॅग, रिकामी पिशवी, बिल आणि मूठभर बियाणं काढणीपर्यंत एका डब्यात जपा. आठवड्यात उगवण विरळ दिसली की थांबू नका. तालुका कृषी अधिकारी आणि पंचायत समितीचे कृषी अधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तालुका तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पंचनामा करते. दुबार पेरणीची घाई असतेच, पण पंचनाम्याआधी सगळं रान मोडू नका, निदान एक पट्टा राखा. ओळखीच्या जागेसह तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढून ठेवा.

समिती तुम्हालाही प्रश्न विचारेल. पेरणीआधी पाऊस किती झाला होता, वापसा होता का, बी किती खोल पडलं? ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, तीन-चार सेंटिमीटर खोलीवर पेरलेलं असेल तर तुमची बाजू भक्कम. धूळपेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्यात पेरणी केली असेल किंवा ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने बी बोटभर खोल गेलं असेल, तर अहवाल विरोधात जाऊ शकतो, आणि तो दर वेळी अन्यायाचाच असतो असं नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभरातून तक्रारी आल्या, तेव्हाही या प्रश्नांवर बराच वाद झाला.

पंचनाम्याची प्रत मागून घ्या. कंपनी भरपाईला तयार नसेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही आणि वकील लावण्याची सक्तीही नाही. बियाण्याचा नमुना राखला नाही म्हणून तक्रार फेटाळा, असं कंपनीचे वकील हमखास म्हणतात. २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शेतकरी हा ग्राहक आहे असं स्पष्ट केलं, आणि शेतकऱ्याने चाचणीसाठी बियाणं बाजूला काढून ठेवावं ही अपेक्षा धरता येत नाही असंही म्हटलं. अर्जात या निकालाचा उल्लेख करा. कुठल्या आयोगाकडे जायचं, कागद कोणते लावायचे, हे १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारता येतं.